दोघींची पिल्लं

“दोघींनी मिळून सांभाळायची,” असं म्हणून वायरमनने खोकं स्वयंपाकघरात मधोमध ठेवलं. आत कोंबडीची आठ पिल्लं चिवचिवत होती.

मुलगी दारात उभी होती, बायको ओट्यापाशी. दोघींनी खोक्याकडे पाहिलं, एकमेकींकडे नाही.

लग्नाला वर्ष होत आलं तरी मुलगी नव्या आईशी बोलत नव्हती. उलट उत्तर नाही, रुसवा नाही, नुसती गप्प. भूक लागली की ताट घेऊन उभी राहायची. बायकोला ‘नवी’ म्हणायला वायरमननेच सुरुवात केली होती, पण मुलीने आई म्हणावं असं त्याने बजावलं होतं. मुलगी मान खाली घालायची.

पहिली बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. वायरमनने फोटो काढून टाकले, साड्या देऊन टाकल्या आणि बदली मागून घेऊन या गावात आला. पोरीसमोर तो विषय काढायचा नाही, हे त्याने नवीला लग्नाआधीच सांगितलं. “खपली काढू नये माणसाने,” तो म्हणाला होता. नवीला तो हळवा वाटला होता.

त्याने खोक्यात भुसा पसरला आणि वरून बल्ब सोडला. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. तसा बल्ब खाली-वर करायचा. एवढं सांगून तो ड्यूटीवर गेला.

दुपारी एक पिल्लू पाण्याच्या भांड्यात पडलं. नवीने ते उचललं आणि पदराने पुसू लागली.

“भांड्यात खडे टाका,” मुलगी म्हणाली. “पाणी पिता येतं, बुडत नाहीत.”

“कुणी सांगितलं तुला?”

मुलीने भांड्यातलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाली, “आईने.”

नवीने पिल्लू बल्बखाली ठेवलं. दोघी अंगणात गेल्या आणि खडे वेचून, धुऊन घेऊन आल्या.

त्या दिवसापासून दोघींचं सूत जुळलं. मुलगी शाळेतून आली की दप्तर फेकून खोक्यापाशी बसायची. पिल्लांच्या मागच्या बाजूला घाण चिकटली की एक धरायची, दुसरी कोमट पाण्याने पुसायची. सगळ्यांना नावं देऊन झाली. सगळ्यात खादाड पिल्लाला दोघी ‘साहेब’ म्हणायच्या. वायरमन घरात शिरला की हसणं थांबायचं. बायकांचं काहीतरी गुपित असेल, असं म्हणून तो चपला काढायचा. आतून त्याला बरं वाटायचं.

एका पिल्लाचा पाय वाकडा निघाला. मुलगी त्याला वेगळं ठेवून भरवत होती. वायरमनने ते पाहिलं, पिल्लू उचललं आणि परसात जाऊन मान मुरगळून आला. “कुढत जगण्यापेक्षा हे बरं,” त्याने हात धूत सांगितलं. मुलगी रडली नाही. नवीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, एवढंच.

पिल्लांना पिसं फुटली तसं त्याने परसात खुराडं बांधलं, जाळी ठोकली. नवीच्या मनगटावर जांभळा डाग दिसला तेव्हा शेजारीण म्हणाली, “हे काय गं?”

“खुराड्याचं दार लागलं,” नवी म्हणाली.

“दार लागतंच,” शेजारीण म्हणाली आणि तिने विषय बदलला.

ही शेजारीण एकटीच राहायची. कोंबड्या अंडी घालू लागल्यावर पहिली अंडी तिलाच गेली. नवीने बाहेर कुठे जायचं नाही असा वायरमनचा शिरस्ता होता, पण कुंपणापलीकडे अंडी द्यायला काय हरकत? मुलगीही बरोबर जायची. कधी कधी दोघी तिथे तासभर रमायच्या.

“घरात दोन बायका आणि सात कोंबड्या,” शेजारीण त्याला एकदा म्हणाली. “भाऊ, तुमचं काही खरं नाही.”

तो खूश झाला. ऑफिसात त्याने सांगितलं, “एका दगडात दोन पक्षी मारले. अंडी विकत आणावी लागत नाहीत आणि पोरीला आई मिळाली.” लोकांनी मान डोलावली. एकट्याने पोर वाढवणं सोपं नसतं, असं कुणीतरी म्हणालं.

त्या आठवड्यात मुंगूस दिसल्याचं मुलगी म्हणाली होती, म्हणून तो जाड जाळी घेऊन लवकर घरी आला. दाराला नुसती कडी होती. गॅसवर काही नव्हतं. मुलीचं दप्तर खुंटीवर नव्हतं, नवीच्या कपड्यांचा कप्पा रिकामा होता. खुराडं उघडं, झाडून स्वच्छ केलेलं. एकही कोंबडी नाही.

त्याने नवीच्या भावाला फोन लावला. भावाला काहीच माहीत नव्हतं.

मग तो कुंपणापाशी गेला. पलीकडे सातही कोंबड्या दाणे टिपत होत्या. शेजारीण सूप घेऊन बसली होती. त्याला पाहून ती उठली नाही.

“मला देऊन गेल्या,” ती म्हणाली.

“कुठे गेल्या?”

“पोरगी म्हणाली, आईकडे चाललोय.”

“नवीला कुठे आई आहे? एक भाऊ आहे फक्त.”

“मीही तेच म्हटलं. म्हटलं, अगं, हिला कुठे आई आहे? तर म्हणाली, हिच्या आईकडे नाही काकू, माझ्या. माझ्या फोनवरून पोरगी बोलायची ना, ते मला वाटायचं मामीशी. मग दारात गाडी थांबली. त्यातून एक बाई उतरल्या. आधी पोरीला जवळ घेतलं, मग नवीची पिशवी हातातून घेतली.” शेजारणीने सुपातले दाणे कोंबड्यांपुढे टाकले. “कुणी ओळख करून द्यायची गरजच पडली नाही भाऊ. पोरगी हुबेहूब आईवर गेलीय.”