कोनाड्यातला डबा

“आज हिला कापायची म्हंजे कापायची,” लालासाहेबांनी सुरीला धार लावत सांगितलं. जावई पृथ्वीराज दुपारच्या इस्लामपूर गाडीने क्रांतीला आणि तान्ह्या नातीला न्यायला येणार होता. जावयाच्या ताटात कोंबडीच पाहिजे.

राहीबाई पदर खोचून डालग्यापुढे उभी राहिली. आज बाविसावा दिवस. तांबडी इमानाने दहा अंड्यांवर बसली होती आणि एकाही अंड्यातून चोच बाहेर आली नव्हती. चार तर तिच्याच वजनाने फुटली. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

“खोटच हाय तिच्यात. कशाला पोसायची?”

खोट! हाच शब्द विहीणबाईंनी क्रांतीला लावला होता. लागोपाठ दोन लेकरं पोटातच गेली, तेव्हा भर अंगणात, चार बायांसमोर. तिसऱ्या खेपेला नात हाती लागली, आता दीड महिन्याची झाली. पण तो शब्द राहीबाईच्या मनातून काही गेला नव्हता. कोंबडीसाठी ती आज हट्टाला पेटली ती त्यामुळेच.

“आवं, बगा तरी, अंगानं कशी दांडगी हाय. पिल्लू व्हती तवापासनं एकदा बी मान टाकली न्हाई तिनं.”

“आई!” आतून क्रांतीने हाक मारली. “पाळण्यात ढेकणं झाल्यात गं. पोरगी रातभर रडली. ती पावडर कुठं हाय?”

“कोनाड्यात. पत्र्याचा डबा,” राहीबाईने मागे न बघताच सांगितलं. नजर हटली असती तर सुरी चालली असती.

गुरांचे डॉक्टर राजरत्न अंगणात म्हशीला सुई टोचून हात धूत होते. हा कालवा ऐकून ते डालग्याशी आले. फुटक्या अंड्याचं टरफल त्यांनी चिमटीत धरलं. नुसत्या बोटांनी ते कागदासारखं चुरगाळलं.

“मावशी, पिल्लं असताना ह्यांच्या अंगाला काय लावलं होतं?”

“पिसवा झाल्या हुत्या. पावडर चोळली की, मूठ मूठ. सासू आमची चुलीतली राख चोळायची, पण राखंनं कुठं पिसवा मरत्यात? पावडरीनं एका दिसात साफ.” राहीबाईच्या बोलण्यात ठसका होता. पिल्लं वाढवावीत तर हिनेच, असं अख्खी वस्ती म्हणायची.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “कोंबडीत खोट न्हाई, मावशी. ती बीएचसी पावडर अंगात मुरून बसती. पिल्लू ठणठणीत दिसतं, वाढतं. आपल्याला वाटतं, काय झालं न्हाई. त्याचा भोग ते आई व्हायच्या वयात आलं की निघतो. सरकारनं यंदा उगंच बंद केली व्हय ती?”

खोट नाही! राहीबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी सुरी गुमान खाली ठेवली. तिला क्षणभर फार बरं वाटलं.

आणि मग तिला कोनाडा आठवला.

ती धावली. उंबऱ्याला ठेच लागली, नख उचकटलं, तरी थांबली नाही. आत तोच उग्र वास दरवळत होता. क्रांतीने पोरीला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या हाताची मूठ पावडरीने भरलेली, पाळण्यातल्या गोधडीवर नेलेली.

राहीबाईने तिच्या मनगटावर सपकन हात मारला. पावडर भुईवर सांडली. पायाचा धक्का लागून डबा खणखणत लांब गेला. तिने नातीला हिसकावून घेतलं, ओटीत धरून दाराबाहेर उजेडात नेलं. तिचे तळवे उघडून बघितले, ओठ बघितले, केसांना नाक लावून हुंगलं. कुठे कण नव्हता. राहीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वाचली गं बया!

क्रांती मनगट चोळत मागोमाग आली. आईचा हा अवतार बघून तिला हसूच फुटलं.

“एवढं काय झालं, आई? माझ्या पाळण्यात तर तूच टाकायचीस की, मूठ मूठ.”