लोंबती वायर

"एकोणचाळीस... चाळीस..." दोब्री मोजत होता, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र उमटलं. "बघितलंस? जुना पॉवर सप्लाय होता तेव्हा एवढं ताटकळावं लागत नव्हतं. आणि हा म्हणे नवा कोरा!"

यावोर गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात वाकला होता. ईस्टरला आठ दिवस घरी आला, त्यातला हा शेवटचा. दुपारी नदीच्या पुलापलीकडे, शेजारच्या देशातल्या बुखारेस्टहून विमान. टॅक्सी यायला अर्धा तास उरला होता, आणि बापाला नेमका आत्ताच कॉम्प्युटर आठवला होता.

"बसवला कुणी हा सप्लाय?"

"मी. दुसरं कोण बसवणार?" दोब्रीला रागच आला. अख्खा जन्म रूसे शहराच्या ट्रॉलीबस डेपोत वायरमनकीत गेलेला. लोंबती वायर दिसली की त्याचा जीव वर-खाली व्हायचा. "आतली एकूण एक वायर जोडलीय. एकही मोकळी ठेवली नाही."

यावोरनं पुन्हा बटण दाबलं आणि कान दिला. पंखा फिरला. मग घर्रर्र असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"बाबा, हा सीडीचा ड्राइव्ह आहे. आत सीडी अडकलीय. कॉम्प्युटर आधी तिच्यावरून चालू व्हायला बघतो, जमलं नाही की मग पुढं सरकतो. तेवढाच उशीर." तो बोलता बोलता थांबला. "पण हा तर जळला होता ना? माझ्या प्रवेशपरीक्षेच्या आधी. तुम्हीच म्हणाला होतात."

दोब्री खिडकीबाहेर बघू लागला.

"सांगा की आता!" आतून त्याची बायको त्सोन्का ओरडली. लेकासोबत द्यायचा ईस्टरचा गोड पाव ती फडक्यात बांधत होती. "सतरा वर्षं पोटात ठेवलंत. जळला कसला, कपाळ! ह्यांनीच वायर काढली होती रे, तू अभ्यास करावास म्हणून."

ड्राइव्हचा कप्पा कुरकुरत बाहेर आला. गाड्यांच्या शर्यतीची सीडी. तेव्हा रोज संध्याकाळी डेपोतून आला की दोब्री हातही न धुता मुलाच्या शेजारी बसायचा. कीबोर्ड एकच. यावोर गाडी वळवायचा, दोब्री ब्रेक मारायचा. सूप निवून जायचं आणि त्सोन्का दोघांचा उद्धार करायची.

"दोन दिवस जेवलो नव्हतो मी," यावोर म्हणाला.

"मग आम्ही काय जेवत होतो?" दोब्री म्हणाला. "म्हटलं, पोरगं पास झालं की लावू परत. तू पास झालास. सोफियाला शिकायला गेलास, तिथून तिकडं परदेशातच. मग लावायची कुणासाठी? परवा सप्लाय बसवताना हातासरशी लावून टाकली. काढली का होती, तेच विसरलो. काढली नसती, तर नापास झाला असतास. इथंच असतास."

यावोरनं सीडी सदऱ्याला पुसली. "ही काढली की उशीर गेला."

"काढ मग. तुला निघायचंय."

यावोरनं सीडी परत कप्प्यात ठेवली, कप्पा आत ढकलला आणि दुसरी खुर्ची ओढली. "बसा. एकच फेरी. ब्रेक तुमच्याकडे."

"अरे, टॅक्सी येईल!" त्सोन्का दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

गाडी सुटली. पहिलं वळण आलं. "ब्रेक, बाबा!" दोब्रीनं अचूक दाबला. गाडी वळली आणि थांबली. बाकीच्या गाड्या एकेक करून पुढं निघून गेल्या.

"आता सोडा की."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. दोब्रीनं बोट उचललं नाही.