मागचं सारं धूसर

क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स बरी, याचे दोन महिने व्हिडिओ पाहून गडचांदूरच्या अल्ताफ फोटोग्राफरने शेवटी पन्नास एमएमची घेतली. शेतकरी बापूजींचा मुलगा धनराज नुकताच सिमेंट फॅक्टरीत लागला होता. नव्या लेन्सचा पहिला फोटो त्याचाच निघाला, लग्नाच्या बायोडाट्यासाठी, फॅक्टरीसमोर.

“पाहा बापूजी, चेहरा कसा उठून दिसते! मांगचं सारं धूसर.”

बापूजींनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

“फॅक्टरीची चिमणी कुठी गेली? जुनी लेन्स लाव बापा.”

“जुन्या लेन्समधी चेहरा असा नाई येत.”

“नाई आला तं नाई आला. जुन्या फोटोत मांगं कपाशी दिसली, तं चार जागेहून नकार आले. चिमणी साफ दिसू दे, चेहरा धूसर झाला तरी चालन.”