कमांडरांचा हुकूम

नौदलाच्या राखीव दलातील कामगिरी संपवून कमांडर हॅलस्टेड सॅक्रामेंटो नदीकाठच्या आपल्या बागेत परतले, तेव्हा जर्दाळू ऐन पक्वतेला आले होते. चार दिवसांत तोडणी झाली नाही, तर वर्षाचे पीक मातीत जाणार होते. तोडणीला लावलेल्या साठ मजुरांपैकी म्हातारी चाबेला पाणी प्यायला शिडीवरून उतरली, तसे कमांडर कडाडले, “हुकूम दिल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही!”

“चला रे, उतरा सगळे,” मुकादम तिबुर्सिओ म्हणाला.

साठही मजूर उतरले आणि फाटकाकडे चालू लागले.

“माझ्या जहाजावर तीनशे माणसं होती!” कमांडर ओरडले. “एकाची तरी हिंमत झाली होती का अशी?”

तिबुर्सिओने मागे वळूनही पाहिले नाही. “जाणार कुठं होती बिचारी, साहेब? चहूकडं समुद्र होता ना!”