डाव्या खांद्यावरची खाज

"डायमध्ये काय काय रसायनं असतात वाचलंस, तर हात लावणार नाहीस," हे नवऱ्याचं भाषण ऐकून ऐकून मी डायचा नाद सोडला आणि डोकं कापसासारखं पांढरं होऊ दिलं. त्यांचे केस मात्र साठी उलटली तरी काळेभोर. "आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत," हे वर ऐकायचं.

चार महिने माझ्या डाव्या खांद्यावर पुरळ उठत होतं. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि चार दिवसांनी निकाल सांगितला, "पक्क्या काळ्या डायमधलं रसायन तुम्हाला सोसत नाही."

"बघ, मी सांगत नव्हतो?" शेजारच्या खुर्चीतून हे म्हणाले.

"अहो डॉक्टर, माझं डोकं बघा! मी कुठला डाय लावतेय?"

"मग या खांद्याला रोज काय लागतं?"

"काही नाही हो. टीव्ही बघता बघता ह्यांना डुलकी लागते, तेव्हा ह्यांचं डोकं असतं तेवढं."



डॉक्टरबाईंनी 'डाय कायमचा बंद' असं कागदावर लिहिलं आणि तो कागद शेजारच्या खुर्चीपुढे सरकवला.