नऊशे साठांतली एक चिठ्ठी

पंचांनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढली, उलगडली आणि चष्मा कपाळावर सारला. "कमाल झाली, मास्तर! नऊशे साठ चिठ्ठ्यांतून नेमकी हीच निघावी? नेहमीचीच मांडणी आलीय."

मास्तर डोळे मिटून बसले होते. कॉम्प्युटरशी बुद्धिबळाचे पाच डाव झाले होते आणि पाचही ते हरले होते. मागच्या रांगेतली मोहरी दर डावाला चिठ्ठीत येतील तशी उलटसुलट मांडायची, ही अट त्यांचीच. "कॉम्प्युटर घोकंपट्टीवर जिंकतो हो," असं ते जगाला सांगत सुटले होते. "त्याचं पाठांतर काढून घ्या, मग बघू कुणाचं डोकं चालतं ते!" घ्या आता! पाच दिवस डोकं त्याचंच चाललं. हा शेवटचा डाव. निदान बरोबरी तरी हवी, अर्धा गुण. नाहीतर जन्मभर ज्यांना बुद्धिबळ शिकवलं, त्या पोरांपुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"दुसरी काढू का?" पंचांनी विचारलं. "अट तुमचीच आहे."

मास्तरांनी चिठ्ठीप्रमाणे मांडलेल्या पटाकडे पाहिलं. कोपऱ्यात हत्ती, शेजारी घोडा, मग उंट. पाच दिवसांत पहिल्यांदाच सगळे आपापल्या घरी होते.

"राहू द्या हीच," ते म्हणाले. "दमलो हो मी."

कॉम्प्युटरच्या चाली पटावर करायला समोर एक बाई बसल्या होत्या. त्या पडद्यावर बघून मोहरं हलवायच्या आणि मास्तर लगेच उत्तर द्यायचे. चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेला डाव होता हा. शिकवणीत कुणी असं घोकून खेळलं, की मास्तर त्याचा कान धरत. आज हात आपोआप चालत होता. बाविसाव्या चालीपासून वजिरानं शह द्यायचा, राजानं सरकायचं, पुन्हा शह, पुन्हा सरकायचं. तिसऱ्यांदा तीच स्थिती आली आणि पंचांनी नियमाप्रमाणे बरोबरी जाहीर केली. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

टाळ्या पडल्या. लेक धावत आली. "बाबा, जमवलंत की! शेवटी काय डोकं लावलंत!"

मास्तर टेबलाला धरून उठले.

"डोकं कुठलं गं," ते म्हणाले. "दोघांनी मिळून पाठ कविता म्हटली."