दुसऱ्या सत्राची नोंद

जाईच्या रकान्यापाशी दीपालीचं पेन तिसऱ्यांदा थांबलं.

दुसऱ्या सत्राच्या वर्णनात्मक नोंदी सोमवारी द्यायच्या होत्या. तिसरीतल्या बाकी एकवीस मुलांच्या लिहून झाल्या होत्या. जाईच्या पहिल्या सत्राच्या नोंदीत दीपालीच्याच अक्षरात होतं: बोलकी. धीट. गाणी तालात म्हणते. इतरांना बोलण्याची संधी द्यावी.

आता त्याच मुलीपुढं तिला 'अबोल' लिहायचं होतं.

मुख्याध्यापक अमरनाथ सरांनी चष्मा वर सारून दोन्ही रकाने पाहिले.

"सहा महिन्यांत स्वभाव बदलत नसतो, मॅडम. पहिलीच नोंद जरा फिरवून लिहा. नाहीतर आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून पोर कोमेजली, असं लिहा. खोटं नाही ते."

खोटं नव्हतं. उन्हाळ्यात ते कुटुंब ओढ्यापलीकडच्या मळ्यात राहायला आलं होतं. जूनपासून पोरगी तिथनं एकटीच चालत शाळेत यायची. दिवाळी झाली तशी आईबाप टोळीबरोबर कर्नाटकात गेले आणि मळ्यात आजी आणि नात उरली.

पण कारण ते नव्हतं. कारण दीपालीला माहीत होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. लोहाऱ्याच्या घरून निघताना तिचा दोन वर्षांचा कैवल्य तापानं फणफणत होता, पदर सोडत नव्हता. ती वर्गात आली तर जाई आपला बारका भाऊ कोंबडीला कसा भितो ते करून दाखवत होती आणि सगळा वर्ग हसून लोळत होता. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा दीपाली सगळ्यांदेखत म्हणाली, "दिवाळीनंतर येताना तोंड शिवून ये."

जाईसुद्धा हसली होती. सगळ्यांत आधी.

दिवाळीनंतर ती खरोखरच तोंड शिवून आली. पहिल्या रांगेतली पोरगी मागच्या भिंतीला जाऊन बसली. हजेरीत नाव पुकारलं की क्षणभर थांबायची, मग नुसता हात वर. बारापर्यंतचे पाढे जिच्या जिभेवर होते ती वहीत लिहितानाही सातावर अडायला लागली. गाण्याच्या तासाला ओठ मिटलेले. सकाळी मात्र शाळेचं कुलूप निघायच्या आत पायरीवर हजर. पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडलेलं, आणि एकेका शब्दाखाली बोट.

दीपालीनं सगळं करून पाहिलं. तिला वर्गप्रमुख केलं. फळ्यावर तारीख लिहायला दिली. शेजारी बडबड्या मुली बसवल्या. पोरगी मान हलवायची, सांगितलेलं करायची आणि पुन्हा भिंतीला टेकायची. एखादीचा स्वभाव शाळेत घडतो, असं प्रशिक्षणात कितीदा ऐकलं होतं. तो एका वाक्यानं मोडतोसुद्धा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी कैवल्य नुकता बोलायला लागला होता. रोज संध्याकाळी एक नवा शब्द. दीपाली त्याला उचलून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची, आणि मधेच तिला ती मिटलेली जिवणी आठवायची. वर्गात आता शांतता असायची. पूर्वी तिला हवी होती तशी. त्या शांततेत ती एका आवाजाची वाट बघत शिकवायची.

शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर तिनं नोंदींची वही पर्समध्ये घातली आणि ओढा ओलांडला.

खोपटापुढं हरणाबाई, जाईची आजी, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पोरगी पाण्याला गेलेली. दाराच्या लाकडी मेढीवर कोळशानं उंची मोजल्याच्या दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, एकाच उंचीच्या. पोरीची वाढ खुंटली की काय, असं दीपालीच्या मनात येऊन गेलं.

तिनं बेतानं विषय काढला. म्हणाली, पोरगी शाळेत एक शब्द बोलत नाही, मला काळजी वाटते.

हरणाबाईला काहीच वाटलं नाही. "ही कवा बोलती, म्याडम? जल्मापासनं अशीच हाय."

"आजी, जूनपासून बघतेय मी. वर्गात हिच्यापुढं कुणाचं चालत नव्हतं."

म्हातारीचे हात थांबले. ओढ्याकडनं कळशी घेऊन येणाऱ्या नातीकडं तिनं एकदा पाहिलं. मग सूप बाजूला सारून उठली. दीपाली नको नको म्हणत असताना चहा ठेवायला आत गेली.

पोरगी कळशी टेकवून समोर येऊन बसली. दीपालीनं वही उघडून कोरा रकाना तिच्यापुढं धरला.

"इथं काय लिहू?"

पोरगी वहीवर वाकली. तिथं लिहिलेल्या नावाखाली तिनं बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"त्या दिवशी तोंड शिवून ये म्हणाले ना, ते चुकलं माझं," दीपाली म्हणाली. "माझं लेकरू आजारी होतं, राग तुझ्यावर काढला. तू बोल. गोंधळ घाल, वर्ग डोक्यावर घे. मला चालंल. पण पहिल्यासारखी बोल."

आत कपबशीचा आवाज थांबला.

पोरीनं वही हातानं मागं सारली. मग बोलली. आवाज बारीक होता, घडी न मोडलेल्या कापडासारखा.

"ते तुमी जाईला म्हणलेलं, म्याडम. आमी जुळ्या. ती आईसंगं उसाच्या फडावर हाय, बारक्याला सांभाळाया. दिवाळीपतूर साळा तिची, आता माजी."